लिनक्सनं बीएसडीचं उचललं की बीएसडीनं लिनक्सचं? एका जुन्या अ‍ॅडमिनचं उत्तर

अरे, मेसेज वाचला तुझा. तुमच्या महापेच्या ऑफिसात जेवायच्या सुट्टीत लिनक्स, बीएसडी, सोलारिस या सर्व्हरवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवरून (ओएसवरून) जुंपली, एक जण म्हणतो लिनक्सवाल्यांनी सगळं बीएसडी आणि सोलारिसमधून उचललंय, दुसरा म्हणतो बीएसडी केव्हाच आटपली, आता लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, उसने घेऊन कसेबसे दिवस काढतायत, आणि तू विचारतोस की दादा, कोण बरोबर आणि मी शिकू काय. ठाणे ते महापे-रबाळे पट्ट्यात गेली वीस वर्षं मी हीच हमाली करतोय, दोन्हीकडचे सर्व्हर हाताखालून गेलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी एक सांगतो, ते दोघं "उचललं" हा एकच शब्द वापरतायत पण बोलतायत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कधी कोड जसाच्या तसा जातो, कधी फक्त कल्पना जाते आणि कोड पहिल्यापासून लिहिला जातो, आणि कधी दोन्ही जात नाही, फक्त कमांडचं नाव नाहीतर फंक्शनला हाक मारायची पद्धत तेवढी जाते म्हणजे वापरणाऱ्याला बाहेरून सगळं सारखं दिसतं आणि आतलं यंत्र निराळंच असतं. यातलं नेमकं काय गेलं हे बघितल्याशिवाय भांडण मिटायचं नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो कारण त्यात मला फार रस नाही. या सगळ्यांचं मूळ म्हणजे युनिक्स, १९६९ चं, एटी अँड टीच्या बेल लॅब्सचं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पोरांनी त्यावर इतकं काम केलं, तीच बीएसडी, की १९८३ च्या ४.२ बीएसडीत टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, आणि सॉकेट, म्हणजे प्रोग्रामनं नेटवर्कशी बोलायची खिडकी, आले, आणि ते सॉकेटचे कॉल आजही लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच आहेत. मग १९९२ मध्ये कोर्टकचेरी झाली, एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीनं बीएसडी विकणाऱ्यांवर आणि विद्यापीठावर दावा ठोकला, १९९४ ला तडजोड झाली, आणि त्या मधल्या दोन वर्षांत फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याचं १९९१ चं लिनक्स हे कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, जोरात पळालं. टोरवाल्ड्स स्वतःच नंतर म्हणालाय की ३८६बीएसडी, म्हणजे पीसीवर चालणारी बीएसडी, तेव्हा हाताशी असती तर बहुधा लिनक्स लिहायला घेतलंच नसतं. तर ही दोन घरं वेगळी झाली ती अशी. तात्त्विक मतभेद वगैरे कमी, वकील जास्त.

आता खरी मजा. तुझ्याकडे कुठलाही लिनक्स सर्व्हर असेल तर त्यावर टीसीपीडम्पला, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या कमांडला, मायनस डी देऊन पुढे नुसतं आयपी लिही आणि एंटर मार. पॅकेट काही दिसणार नाहीत, चार ओळी येतील. पहिली ओळ म्हणते पॅकेटच्या १२ व्या बाइटपासून दोन बाइट उचल. दुसरी म्हणते ते शून्य-एक्स-८०० आहेत का बघ, असतील तर दोनवर जा, नसतील तर तीनवर (मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीवर). तिसऱ्या ओळीत पॅकेट घे, २६२१४४ बाइटपर्यंत. चौथीत शून्य, म्हणजे सोडून दे. बस. इथरनेट हेडरमध्ये १२ व्या बाइटवर पुढे कुठला प्रोटोकॉल आहे ते लिहिलेलं असतं आणि ८०० म्हणजे आयपी व्हर्जन चार. हा एक छोटासा प्रोग्राम आहे, तो कर्नलच्या आत एका छोट्याशा काल्पनिक मशीनवर चालतो, आणि नको असलेलं पॅकेट कर्नलमध्येच टाकून देतो म्हणजे ते वर कॉपी करायची कटकट वाचते.

या मशीनचं नाव बर्कली पॅकेट फिल्टर, बीपीएफ. मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये १९९२ च्या सुमारास लिहिलं, बीएसडीसाठी. दोन रजिस्टर, ३२ बिट, संपलं. लिनक्सनं १९९७ च्या आसपास हेच इन्स्ट्रक्शन आपल्या कर्नलमध्ये चालतील अशी सोय केली, कारण टीसीपीडम्प सगळ्यांनाच हवं होतं. मग बरीच वर्षं कोणी तिकडे फार बघितलं नाही. २०१२ मध्ये लिनक्सवाल्यांच्या डोक्यात आलं की ही फिल्टर पॅकेटला लावतो तशी सिस्टम कॉललाही, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे करतो त्या मागणीलाही, लावता येईल की, म्हणजे अमुक प्रोसेसनं अमुक कॉल केला तर अडव. ती सेककॉम्पची फिल्टर. आणि २०१४ मध्ये लिनक्स ३.१८ मध्ये त्या मशीनचा पार कायापालट झाला, ६४ बिट, दहा रजिस्टर, प्रोग्राम आत घेण्याआधी तपासणारा व्हेरिफायर, ते ईबीपीएफ. आज तुम्ही बरेच सर्व्हर एकत्र सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये जे नेटवर्किंगचं आणि मॉनिटरिंगचं ईबीपीएफ ईबीपीएफ करता ते हेच, नावातला बी अजून बर्कलीचाच. आणि २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तेच विंडोजवर आणायचा प्रकल्प उघडला. तर सांग, हे कोणाचं? बीज बीएसडीचं, झाड लिनक्सच्या अंगणातलं, आणि फांदी आता विंडोजच्या गॅलरीत.

ओपनएसएसएच घे आता, दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम. ती ओपनबीएसडीच्या (बीएसडीची आजची एक शाखा, फ्रीबीएसडी ही दुसरी) लोकांनी १९९९ मध्ये एका जुन्या मोकळ्या लायसन्सच्या एसएसएचवरून केली, डिसेंबर १९९९ च्या ओपनबीएसडी २.६ बरोबर पहिल्यांदा आली. लॉगिन तपासणारा तिचा जो भाग बाहेरच्या जगाशी बोलतो तो मुद्दाम पिंजऱ्यात ठेवलेला असतो, फुटलाच तर बाकीचं घर वाचावं म्हणून. हा पिंजरा ओपनबीएसडीवर प्लेज नावाच्या कॉलचा असतो, फ्रीबीएसडीवर कॅप्सिकमचा, आणि लिनक्सवर? सेककॉम्पचा. म्हणजे बर्कलीत जन्मलेली फिल्टर लिनक्सनं वाढवली आणि ती आता ओपनबीएसडीच्या प्रोग्रामला लिनक्सवर राखण देतेय. मला हे पहिल्यांदा सोर्समध्ये दिसलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो, रात्री अडीचला, बाजूला यूपीएस बीप करतोय. तिन्ही पिंजऱ्यांच्या तीन वेगळ्या फाइल एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी आहेत, बघ कधीतरी.

आता तुझ्या पहिल्या मित्राचा लाडका विषय, कंटेनर, म्हणजे एकाच कर्नलवर प्रोग्रामला दिलेली बंद खोली. तो म्हणणार डॉकर, म्हणजे लिनक्सवर कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे फ्रीबीएसडीचे जेल. कल्पनेपुरतं बरंचसं खरंय. प्रोसेसला एका फोल्डरात कोंडणारं सीएचरूट १९७९ पासून होतं, त्यावर २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० त जेल आले, पोल-हेनिंग कँपचं काम, आतल्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, बाहेरचं काही दिसू नये इतपत बंदोबस्त. मग सोलारिस १० मध्ये तशाच धर्तीचे झोन आले. पण लिनक्सनं जेलचा कोड घेतला का तर नाही, एक ओळ नाही. लिनक्सचं नेमस्पेस हे प्रकरण जास्त करून प्लॅन नाइनच्या वळणाचं आहे, जिथे प्रत्येक प्रोसेसला फाइलसिस्टमचं स्वतःचं चित्र असू शकतं, आणि सीग्रुप हे गूगलच्या इंजिनियरांनी वेगळ्याच कारणासाठी, मेमरी-सीपीयूचा हिशोब ठेवायला म्हणून सुरू केलेलं. हे सगळं निरनिराळ्या वर्षी कर्नलमध्ये शिरलं आणि २०१३ मध्ये डॉकरनं त्याची मोट बांधली. म्हणून तर जेल ही कर्नलमधली एक वस्तू आहे, तिला नाव आहे नंबर आहे, आणि लिनक्सच्या कर्नलला "कंटेनर" नावाची गोष्ट माहीतच नाही. डीबग करायला बसलास की हा फरक चांगलाच टोचतो.

प्लॅन नाइनचं नाव निघालंच तर. बेल लॅब्सची ही ओएस, युनिक्स लिहिणाऱ्यांनीच "आता नीट करू" म्हणून लिहिलेली, चालली नाही, वापरणारे बोटावर मोजण्याइतके. पण १९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइकनं न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवता जेवता तिच्यासाठी यूटीएफ-८ ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीची, मांडणी केली. आता टर्मिनलवर इको ठाणे लिही, पुढे पाइप देऊन डब्ल्यूसी मायनस सी, म्हणजे बाइट मोज. उत्तर १३ येईल. ठ, काना, ण, मात्रा, प्रत्येकी तीन बाइट म्हणजे १२, आणि एक नवीन ओळीचा. आपण इथे जे मराठी टाइप करतोय ते अशा ओएसच्या उष्ट्यावर चाललंय जी आपल्यापैकी कोणी बूट करूनही बघितलेली नाही. आणि विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून, तू फाइल इकडून तिकडे बघतोस ना, त्यालाही खाली प्लॅन नाइनचाच नाइनपी प्रोटोकॉल आहे.

झेडएफएसचं, म्हणजे डिस्कवर फाइल ठेवणाऱ्या फाइलसिस्टमचं, मात्र उलट, तिथे कोडच गेला. सोलारिस बनवणाऱ्या सन कंपनीनं तो २००५ मध्ये ओपनसोलारिसबरोबर मोकळा केला, फ्रीबीएसडी ७.० त २००८ ला आला. २०१० मध्ये ऑरॅकलनं सन घेतली आणि दार लावून टाकलं, तर बाहेर राहिलेल्यांनी इलुमॉस नावानं तो पुढे चालवला. लिनक्सची अडचण लायसन्सची होती, झेडएफएसचं सीडीडीएल आणि लिनक्सचं जीपीएल एका ताटात जेवत नाहीत, म्हणून लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमधल्या लोकांनी वेगळं मॉड्यूल म्हणून पोर्ट केलं जे आजही कर्नलच्या झाडात नाही, बाहेरून लावावं लागतं. आणि मग गंमत बघ, लिनक्सवाल्यांकडे माणसं जास्त, काम भराभर व्हायला लागलं, एन्क्रिप्शन त्यांच्याकडे आधी आलं, शेवटी फ्रीबीएसडीनं २०१८ च्या शेवटी ठरवलं की आपण आता त्यांच्याच कोडवर जाऊ, आणि २०२१ च्या १३.० मध्ये गेले. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत, तसं. मी स्वतः फ्रीबीएसडीवरच्या सहा डिस्क काढून डेबियन लिनक्सच्या डब्यात, म्हणजे मशीनमध्ये, घातल्यात, डिस्कांचा संच आत घेणारी झेडपूल इंपोर्ट कमांड मारली, आठ-दहा सेकंदांत सगळे डेटासेट समोर. फक्त एक पाळायचं, झेडपूल अपग्रेड ही कमांड हात शिवशिवले म्हणून चालवायची नाही. नव्या बाजूनं चालू केलेलं एखादं फीचर जुन्या बाजूला कळत नाही आणि मग परतीचा रस्ता बंद.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या रात्री कळलं. २०१२ चा पावसाळा. रबाळे एमआयडीसीत एक क्लायंट होता, त्यांचा फायरवॉल ओपनबीएसडीवर, पीएफ हे पॅकेट गाळायचं सॉफ्टवेअर वापरून मीच लावलेला. संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि डब्याचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गेला. माझ्याकडे स्पेअर डबा होता पण त्यात फ्रीबीएसडी ९. मी म्हटलं त्यात काय, पीएफ इकडेही पीएफ तिकडेही, पीएफ डॉट कॉन्फ ही फाइल बॅकअपमधून उचलून टाकली, लोड केली, आणि समोर सिंटॅक्स एरर, सिंटॅक्स एरर, सिंटॅक्स एरर, ओळीमागून ओळ. माझी ओळ होती मॅच आऊट ऑन ईएम-झीरो (ते नेटवर्क कार्डाचं नाव), आणि शेवटी नॅट-टू, म्हणजे बाहेर जाताना पत्ता बदल. फ्रीबीएसडी म्हणतो हे नॅट-टू काय असतं. त्याला हवं होतं सुरुवातीलाच नॅट, मग इंटरफेस, मग बाण काढून पुढे पत्ता. बाहेर धो धो पाऊस, क्लायंटचा मॅनेजर छत्री हातात घेऊन मागे उभा, नाइट शिफ्टला डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बंद, आणि मी पन्नासेक नियम एकेक करून हातानं उलटे करतोय. दोन वाजले. शेवटची लोकल कधीच गेली होती, ठाण्याला रिक्षानं आलो, रिक्षावाल्यानं घेतले ते पैसे सांगत नाही.

झालं काय होतं? पीएफ २००१ मध्ये ओपनबीएसडी ३.० त आलं, तेही कारण आधीच्या आयपीफिल्टरच्या लेखकानं सांगितलं की माझ्या कोडमध्ये बदल करायचे तर मला विचारून, मग त्यांनी ते काढून नवीनच लिहिलं. फ्रीबीएसडीनं ते उसनं घेतलं, वेळोवेळी नवीन आवृत्ती ओढत राहिले, ती ओढ ओपनबीएसडी ४.५ च्या पीएफपाशी थांबली. आणि ओपनबीएसडीनं ४.७ मध्ये नॅटचं व्याकरणच बदललं. फ्रीबीएसडीवाले बदलले असते, पण त्यांना दुसरीच घाई होती, अनेक कोअरवर एकाच वेळी पॅकेट चालवायची, त्यासाठी त्यांनी पीएफचं आतलं लॉकिंग उघडून नव्यानं बसवलं. एकदा आतून इतकं बदललं की मूळ घरचा, म्हणजे ओपनबीएसडीचा, कोड जसाच्या तसा घेता येत नाही, पॅच निवडून निवडून हातानं लावत बसावं लागतं. ओपनबीएसडीला सोपं आणि बिनचूक हवं होतं, फ्रीबीएसडीला वेगवान हवं होतं, दोघांचंही बरोबर, पण माझी फाइल मेली. मॅकमध्येही पीएफ आहे, तो आणखी तिसराच चुलत भाऊ. तेव्हापासून मी कुठलीही फाइल टाकण्याआधी पीएफसीटीएलला मायनस एन मायनस एफ देऊन नुसती तपासून घेतो, आणि नाव सारखं म्हणजे वस्तू सारखी असं धरून कधीच चालत नाही. मजकूर बदलणारी साधी सेड कमांड घे, फाइलीतच बदल करायला लिनक्सवर मायनस आय दिलं की चालतं, फ्रीबीएसडी आणि मॅकवर त्यापुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावं लागतं, निदान रिकामे कोट तरी. मॅकवर लिहिलेल्या आणि सर्व्हरवर फुटलेल्या स्क्रिप्टांत हे एक दुखणं हमखास सापडतं.

तुझा दुसरा मित्र ड्रायव्हरबद्दल बोलतोय तिथे मात्र तो बरोबर आहे. ग्राफिक्सचे इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये लिहिले जातात, तिथे कंपन्यांची पगारी माणसं आहेत. बराचसा तो कोड एमआयटी या मोकळ्या लायसन्सचा असतो म्हणून बीएसडीला घेता येतो. फ्रीबीएसडीनं तर कर्नलमध्ये लिनक्सकेपीआय नावाचा दुभाष्याच बसवलाय, ड्रायव्हरला वाटतं आपण लिनक्समध्येच आहोत. ओपनबीएसडी दर काही महिन्यांनी लिनक्सच्या स्थिर आवृत्तीतून तो भाग उचलून आणते. पण लायसन्स जीपीएल असलं की हा रस्ता बंद, बीएसडीकडून जीपीएलकडे कोड जाऊ शकतो, उलटा नाही. आणि जातानाही शिस्त पाळावी लागते. २००७ मध्ये दोन्ही बाजूंनी एकेकदा तोंड पोळून घेतलंय, आधी ओपनबीएसडीच्या एका वायरलेस ड्रायव्हरमध्ये लिनक्सचा जीपीएल कोड सापडला आणि तो ड्रायव्हर काढावा लागला, मग काही महिन्यांनी लिनक्सच्या बाजूला ओपनबीएसडीच्या अ‍ॅथेरॉस कोडवरची बीएसडीची नोटीसच पुसून जीपीएल लावायचा पॅच आला, त्यावरून जी रणधुमाळी झाली ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या मीटिंगलाही लाजवेल.

अजून एक सांगतो आणि थांबतो कारण हे मला फार आवडतं. ओपनबीएसडीनं १९९८ मध्ये स्ट्रएलसीपीवाय नावाचं छोटं फंक्शन काढलं, स्ट्रिंग कॉपी करताना बफर फुटू नये म्हणून. पंधरा-वीस ओळींचं असेल. इतर बीएसडींनी घेतलं, सोलारिसनं घेतलं, मॅकनं घेतलं, अँड्रॉइडची सी लायब्ररी तर बरीचशी बीएसडीच्याच कोडवर उभी आहे तिथेही आलं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या लोकांनी मात्र नाही म्हटलं ते नाहीच, यानं स्ट्रिंग गपचूप तुटते, हे काही सुरक्षित नाही, वगैरे. शेवटी २०२३ मध्ये, २.३८ आवृत्तीत, २५ वर्षांनी घेतलं. आणि लिनक्सच्या कर्नलनं ते मधल्या काळात आधीच घेतलं होतं, वापरलं, मग म्हटलं यातही खोट आहे, स्वतःचं स्ट्रएससीपीवाय लिहिलं आणि २०२४ च्या ६.८ मध्ये जुनं काढून टाकलं. म्हणजे घराच्या एका खोलीत पाहुणा नुकताच येऊन बसतोय आणि दुसऱ्या खोलीतून त्यालाच निरोप दिला जातोय.

लाँचडी आणि सिस्टमडी, पोर्ट्स आणि जेंटूचं पोर्टेज, केक्यू आणि ईपोल, या जोड्यांवर बोलत बसलो तर रविवार जाईल, त्या तू स्वतः बघ.

शिकायचं काय म्हणशील तर नोकरीसाठी लिनक्स, यात दुमत नाही, ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत तेच चालतं. पण एक बीएसडी घरी लावून तिची मॅन पेज, म्हणजे सोबतची माहितीची पानं, वाच, नुसती वाच. कुठली गोष्ट कुठून आली हे माहीत असलं की एरर आल्यावर कुठल्या घराची पायरी चढायची ते लवकर समजतं. आणि तुझ्या त्या दुसऱ्या मित्राला, बीएसडी आटपली म्हणणाऱ्याला, त्याच्या विंडोज लॅपटॉपवर एसएसएच मायनस कॅपिटल व्ही मारायला सांग. ओपनएसएसएच फॉर विंडोज असं येईल, आकड्याच्या शेवटी पी वन वगैरे असेल. तो पी म्हणजे पोर्टेबल. ओपनबीएसडीवाले आधी स्वतःसाठी लिहितात, मग त्याची ही दुसऱ्यांच्या घरी चालणारी प्रत निघते.

माझ्याकडे माळ्यावर एक जुना डबा पडलाय, चार जीबी रॅम, झेडएफएसला जरा कमीच पण यूएफएस या बीएसडीच्या जुन्या फाइलसिस्टमवर मजेत चालेल. शनिवारी वर्तकनगरला ये, घेऊन जा. येताना प्लॅस्टिकची मोठी पिशवी आण, आणि एसएमपीएस नवीन टाकायला लागेल, तो रबाळेचाच डबा आहे.